एक गाठ, पाच रुग्णालयं: शहरभरचं कर्करोग संशोधन कुठे जुळतं आणि कुठे निसटतं

मोठ्या शहरात कर्करोगाचा रुग्ण एकाच दारात उपचार घेत नाही. स्तनातली गाठ पहिल्यांदा लक्षात येते घराजवळच्या दवाखान्यात. मॅमोग्राफी दुसरीकडे होते, सुईने काढलेला तुकडा तिसऱ्या प्रयोगशाळेत जातो, ऑपरेशन चौथ्या रुग्णालयात आणि रेडिएशन पाचव्या. पाच ठिकाणी पाच फाइली, आणि प्रत्येक फाइलीत आजाराची अर्धीमुर्धी हकिकत. गाठ परत आली का, आली तर किती वर्षांनी आणि कुठे, हे त्या पाचांपैकी एकालाही नीट ठाऊक नसतं. शहरात रुग्ण हजारोंनी असतात, तज्ज्ञ असतात, यंत्रं असतात. तरी एका रुग्णाच्या उपचारातून पुढच्या रुग्णासाठी जे शिकायला हवं, ते या फाइलींच्या मधल्या फटींत हरवतं.

१९२६ साली हॅम्बुर्गमध्ये यावर साधा उपाय सुरू झाला. तीन परिचारिका ठरावीक दिवसांनी शहरातल्या रुग्णालयांत आणि डॉक्टरांकडे फिरायच्या, कर्करोगाच्या नव्या रुग्णांची नावं टिपून आणायच्या आणि आरोग्य खात्यातल्या कार्डांच्या कपाटात लावायच्या. आठवड्यातून एकदा ही कार्डं मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिली जात. आजच्या कर्करोग नोंदणीचं मूळ या कपाटात आहे. कार्डांच्या जागी संगणक आला, पण त्या तिघींचं काम अजून कुणीतरी करावंच लागतं, आणि अनेक रुग्णालयांनी मिळून करायच्या संशोधनात ते सगळ्यात दुर्लक्षित राहतं.

अशा संशोधनाची बातमी येते तेव्हा तिच्यात जनुकं वाचणारी यंत्रं असतात, नवी औषधं असतात. प्रत्यक्षात यशापयश ठरतं सांध्यांवर. नमुना एका हातातून दुसऱ्या हातात जातो, मोजमाप एका फॉर्मवरून दुसऱ्या फॉर्मवर उतरतं, रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात जातो, तिथे काय घडतं यावर. हा लेख त्या सांध्यांबद्दल आहे.

एकत्र यायचं कशासाठी?

आधी थोडा हिशेब मांडू. समजा, आजच्या उपचाराने शंभरातल्या ३० जणांना पाच वर्षांत आजार उलटतो, आणि नव्या पद्धतीने हा आकडा २० वर येईल अशी आशा आहे. खरा फरक असेल तर तो हाती लागण्याची शक्यता ८० टक्के असावी, आणि नसलेला फरक दिसण्याचा धोका ५ टक्क्यांच्या आत राहावा, अशा दोन अटी दोन उपचारांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत साधारणपणे घातल्या जातात. त्या पाळायच्या तर प्रत्येक गटात सुमारे २९० रुग्ण लागतात, म्हणजे एकूण ५८०. अपेक्षित फरक निम्मा असेल, ३० वरून २५ एवढाच, तर संख्या दुप्पट होत नाही, चौपटीहून वर जाते: प्रत्येक गटात सुमारे १,२५०, एकूण २,५००.

एखाद्या रुग्णालयात वर्षाला असे १०० रुग्ण येतात आणि त्यांतले निम्मे चाचणीला होकार देतात असं धरलं, तर पहिल्या प्रश्नाला जवळजवळ १२ वर्षं लागतील आणि दुसऱ्याला ५०. तोवर औषधं बदललेली असतात, यंत्रं बदललेली असतात, प्रश्न विचारणारे डॉक्टर निवृत्त झालेले असतात. तशीच दहा रुग्णालयं एकत्र आली की पहिलं उत्तर देण्याइतके रुग्ण सव्वा वर्षात जमतात, दुसऱ्यासाठी पाच वर्षांत.

हे कागदावरचं गणित नाही. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि मानेतल्या लसिका ग्रंथी तपासताना हाताला लागत नाहीत, तर त्या पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात की वाढल्या तर मग काढाव्यात, हा वाद अनेक दशकं चालला होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यावर चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आला. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. जगभरच्या शल्यचिकित्सकांची पद्धत बदलणारं हे उत्तर. पण एवढ्या मोठ्या रुग्णालयालाही ५९६ रुग्ण जमवायला २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं लागली.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनमधलं. स्तनाच्या ऑपरेशननंतर तीन आठवड्यांत १५ वेळा रेडिएशन द्यायचं, की एका आठवड्यात पाच वेळा दिलं तरी चालेल? फास्ट-फॉरवर्ड नावाच्या चाचणीत ९७ रुग्णालयं उतरली. २०११ ते २०१४ एवढ्या अवधीत ४,०९६ रुग्ण नोंदले गेले. पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२० मध्ये निकाल आला: ४० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) मात्रा १५ भागांत दिली काय आणि २६ ग्रे पाच भागांत दिली काय, गाठ परतण्याच्या प्रमाणात नवी पद्धत उणी नाही. रुग्णाच्या दहा फेऱ्या वाचल्या, यंत्र दुसऱ्या कुणासाठी मोकळं झालं.

या दोन्ही प्रश्नांत विकण्यासारखं काहीच नव्हतं, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. औषध कमी द्या, फेऱ्या कमी करा, ऑपरेशनची वेळ बदला, असल्या प्रश्नांवर कुठलीही कंपनी पैसे घालणार नाही. ते रुग्णालयांनीच एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून सोडवावे लागतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात हेच झालं. मुळात हा आजार विरळा. त्यामुळे रुग्णालयांनी गट करून, एकाच आराखड्याने, एकामागून एक चाचण्या केल्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या प्रकारात दहातलं एखादंच मूल वाचत असे. उत्तम उपचार मिळाले तर आज दहातली नऊ वाचतात, आणि त्यात वापरली जाणारी बरीचशी औषधं जुनीच आहेत.

थिएटरपासून बरणीपर्यंत

आता सगळ्यात नाजूक सांध्याकडे येऊ. सर्जनने गाठ काढली, तिचा रक्तपुरवठा तुटला. त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. पेशी अजून जिवंत असतात, पण त्यांना प्राणवायू नाही. त्यांच्यातले आरएनए (जनुकांचा निरोप नेणारे रेणू) तुटायला लागतात, प्रथिनांवरच्या खुणा पुसल्या जाऊ लागतात. म्हणून स्तनाच्या गाठीसाठी नियम असा, की काढल्यापासून एका तासाच्या आत ती फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात, गेली पाहिजे आणि ६ तासांहून कमी नाही, ७२ तासांहून जास्त नाही, एवढाच वेळ तिथे राहिली पाहिजे. काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ, दोन्ही बरणीवर लिहायच्या.

फॉर्मॅलिनही कुठलंही चालत नाही. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन लागतं. बाजारातल्या तीव्र फॉर्मॅलिनमध्ये फॉर्माल्डिहाइड ३७ ते ४० टक्के असतं, त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की प्रत्यक्षात फॉर्माल्डिहाइड चार टक्क्यांच्या आसपास उरतं. बफरसाठी, म्हणजे द्रावण आम्लधर्मी होऊ नये म्हणून, त्यात फॉस्फेटचे क्षार घालतात. घाईत नुसतं पाणी मिसळून काम भागवलं तर ठेवून ठेवून त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते डीएनएचे तुकडे पाडतं. स्लाइडवर तपकिरी कणही दिसतात. त्या दिवशी रिपोर्ट मिळून जातो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखू येतात. नुकसान कळतं वर्षभराने, त्याच तुकड्यातली जनुकं वाचायला घेतल्यावर.

द्रावण तुकड्याच्या किमान दहापट हवं. मोठी गाठ छोट्या बरणीत दाबून बसवली तर भोवती द्रावणच उरत नाही. शिवाय फॉर्मॅलिन आत फार हळू शिरतं, सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर आणि पुढे त्याहून मंद. सहा सेंटिमीटरची अखंड गाठ शुक्रवारी संध्याकाळी बरणीत टाकली आणि सोमवारी उघडली, तर बाहेरची कड नीट मुरलेली आणि मधला भाग कुजलेला मिळतो. म्हणून ती आधी पाच ते दहा मिलिमीटरच्या अंतराने चिरायची. पण चिरताना सर्जनने लावलेले दिशादर्शक टाके आणि कडांवरची शाई बिघडता कामा नये, कारण कडेपर्यंत आजार पोचला होता का हे त्यावरून ठरतं. हे काम शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला कोण करणार, याचं नाव ठरलेलं नसेल तर बाकीचा आराखडा कितीही देखणा असो, त्या रुग्णालयाचे शुक्रवारचे नमुने वाया जातात.

हे सगळं इतकं तपशिलाने सांगण्याचं कारण असं. स्तनाच्या गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे इस्ट्रोजेन हार्मोन पकडणारं प्रथिन, आहे की नाही हे रंगकामाने पाहतात. एक टक्का पेशींत जरी तो दिसला तरी गाठ ‘पॉझिटिव्ह’ धरतात आणि त्या बाईला किमान पाच वर्षं हार्मोनविरोधी गोळीचा फायदा मिळू शकतो. तुकडा उशिरा किंवा अर्धवट मुरला तर रंग फिका येतो आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ जातो. गोळी स्वस्त, चुकीची किंमत मात्र आयुष्याची. आणि संशोधनात तर तीच बाई चुकीच्या गटात मोजली जाते, म्हणजे चूक पुढे शेकडो लोकांच्या उपचारापर्यंत जाते.

हाडात पसरलेल्या आजाराचा तुकडा असेल तर आणखी एक खाच आहे. हाड कापता यावं म्हणून त्यातला चुना आम्लात विरघळवतात. तीव्र आम्लाने काम लवकर होतं पण डीएनए संपतो. ईडीटीए या सौम्य रसायनाने काही दिवस लागतात, पण जनुकं वाचण्याजोगी राहतात. रक्ताच्या नळीचंही तसंच. गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे शोधायचे असतील तर साध्या ईडीटीए नळीतलं रक्त काही तासांत फिरवून पेशी वेगळ्या कराव्या लागतात. नळी रात्रभर तशीच राहिली तर पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए बाहेर सांडतो आणि गाठीचा अंश त्यात बुडून जातो. पेशी न फुटू देणाऱ्या खास नळ्या मिळतात, महाग असतात. ज्या रुग्णालयात सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवायचं यंत्र) जवळ नाही तिथे त्याच वापराव्यात, तिथे काटकसर करू नये.

एकच तुकडा पुरतो का, हा वेगळा प्रश्न. २०१२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी किडनीच्या गाठींचे वेगवेगळ्या जागचे नमुने तपासले, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश जनुकीय बदल सगळ्या जागी सापडलेच नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या ट्रेसरएक्स प्रकल्पात पहिल्या १०० रुग्णांच्या गाठींतून ३२७ जागा तपासल्या गेल्या. सुई जिथे लागली तिथलीच गोष्ट ती सांगते, ही जाणीव ठेवून रिपोर्ट वाचावा लागतो.

दोन डोळे, दोन मोजमापं

तुकडा नीट मुरला, मेणात बसवला, चार मायक्रॉनची चकती कापली, रंगवली. आता ती कोण पाहतं यावरही बरंच अवलंबून. जिभेच्या कर्करोगात गाठ किती खोल गेली हे मोजतात: पाच मिलिमीटरपर्यंत एक टप्पा, पाच ते दहा दुसरा, दहाच्या पुढे तिसरा. ही खोली शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळपडद्यापासून खाली मोजायची असते. गाठ वर फुगलेली असेल आणि कुणी तिच्या माथ्यापासून मोजलं, तर खोलीऐवजी जाडी मोजली जाते, तीन मिलिमीटर सहज वाढतात आणि रुग्ण वरच्या टप्प्यात ढकलला जातो. व्रण पडून खड्डा झाला असेल तर उलटी चूक होते, मोजमाप कमी भरतं.

पाच रुग्णालयांत दोघेजण एका पद्धतीने आणि तिघे दुसऱ्या पद्धतीने मोजत असतील तर त्यांच्या आकड्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. उपाय जुना आणि भरवशाचा आहे. चाचणी सुरू होण्याआधी त्याच २० ते ३० स्लाइड सगळ्या प्रयोगशाळांत फिरवायच्या, प्रत्येकाने इतरांचं उत्तर न पाहता आपलं लिहायचं, मग मतभेद झालेल्या स्लाइडवर सगळ्यांनी एकत्र बसायचं. या बैठकीत कुणाचा कमीपणा निघत नाही ना, हे पाहणं बैठक बोलावणाऱ्याचं काम. कमीपणा निघाला की पुढच्या वेळी लोक एकमेकांना विचारून उत्तरं लिहितात.

जनुकीय तपासणीत एक चूक फार महाग पडते. एका रुग्णालयातून प्रामुख्याने सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण येतात, दुसऱ्यातून पुढच्या टप्प्यातले. पहिल्याचे नमुने मार्चमध्ये तपासले, दुसऱ्याचे जुलैत, मध्ये रसायनांची खेप बदलली. आता जो फरक दिसतो तो आजाराचा, रुग्णालयाचा की रसायनाचा? कितीही हुशार संख्याशास्त्रज्ञ आणला तरी तो हे वेगळं करू शकत नाही. नमुने तपासणीच्या ९६ खळग्यांच्या पट्टीवर आधीच सरमिसळ करून लावायचे आणि प्रत्येक पट्टीवर एक ठरलेला नमुना पुन्हा पुन्हा ठेवायचा. सरमिसळीला अर्धा तास लागतो. ती केली नाही तर वर्षभराचं काम टाकून द्यावं लागतं.

औषधापेक्षा आराखडा भारी पडला

डोकं आणि मानेच्या कर्करोगावर टिरापाझामिन नावाचं औषध रेडिएशनला जोडून उपयोगी पडतं का, हे पाहायला १६ देशांतल्या ८९ केंद्रांत ८६१ रुग्णांची चाचणी झाली. औषधाचा फायदा दिसला नाही. पण २०१० मध्ये तिच्या माहितीतून जे बाहेर आलं ते औषधापेक्षा कितीतरी मोठं होतं. सुमारे १२ टक्के रुग्णांच्या रेडिएशनच्या आराखड्यात गाठीवरच्या नियंत्रणाला बाधेल असे मोठे दोष होते. त्यांच्यापैकी दोन वर्षांनी ५० टक्के जिवंत होते. ज्यांचा आराखडा सुरुवातीपासून नीट होता त्यांच्यातले ७० टक्के. वीस टक्क्यांचा फरक. असा फायदा देणारं नवं औषध निघालं असतं तर जगभर त्याची बातमी झाली असती.

दोष कुठे जास्त होते? पाचापेक्षा कमी रुग्ण पाठवणाऱ्या केंद्रांत सुमारे ३० टक्के आराखड्यांत मोठे दोष निघाले, २० किंवा जास्त रुग्ण पाठवणाऱ्यांत ५.४ टक्के. कारणं आकलनात येण्यासारखी आहेत. सीटी स्कॅनच्या प्रत्येक कापावर डॉक्टर हाताने गाठीची सीमा आखतो. मानेतली एखादी ग्रंथी सीमेबाहेर राहते, लाळग्रंथी वाचवण्याच्या नादात शेजारच्या गाठीला मात्रा कमी पडते. ज्याच्या हाताखालून असे आराखडे रोज जातात त्याला हे खुपतं, महिन्यातून एकदा करणाऱ्याला खुपत नाही.

म्हणून आता चांगल्या चाचण्यांत आधी ‘रंगीत तालीम’ असते. एकाच रुग्णाचा सीटी सगळ्या केंद्रांना पाठवतात, प्रत्येकाने आखलेल्या सीमा एकावर एक ठेवून पाहतात. मग खऱ्या रुग्णाचा आराखडा पहिल्या काही दिवसांतच मध्यवर्ती गटाकडे जातो आणि दोष असेल तर उपचार चालू असतानाच दुरुस्त होतो. उपचार संपल्यावर काढलेला दोष त्या रुग्णाच्या काही कामाचा नसतो. यंत्राची मात्रा बरोबर आहे का हे पाहायला मात्रा टिपणारे छोटे मापक टपालाने पाठवायची सोय आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ पासून केली आहे. रुग्णालयाने ठरलेली मात्रा त्यावर सोडायची आणि मापक परत पाठवायचा. पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर कारण शोधायचं.

कोण कुठल्या गटात

कुठल्या रुग्णाला कुठला उपचार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं पाहिजे, डॉक्टरच्या मनावर नाही. पूर्वी त्यासाठी बंद पाकिटं असत. पाकिटं उजेडासमोर धरून आत काय आहे ते पाहिलं गेल्याचे, किंवा मनासारखं पाकीट येईपर्यंत रुग्णाला थांबवून ठेवल्याचे प्रकार झाले आहेत, आणि बहुतेक वेळा ते करणाऱ्याला आपण रुग्णाचं भलंच करतोय असं वाटत असतं. आता गट मध्यवर्ती संगणकावरून कळतो, तोही रुग्णाचं नाव आणि सगळी पात्रता नोंदून झाल्यावर. दर चार जणांत दोन-दोन असा ठरीव क्रम ठेवला तर चौथा कुठे जाणार हे ओळखता येतं, म्हणून चारचे आणि सहाचे संच मिसळतात.

फसवणूक होतच नाही असंही नाही. स्तन न काढता फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी चालतं, हे सिद्ध करणाऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत १९९० साली माहिती तपासणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या हाती एकाच रुग्णाचे दोन ऑपरेशन रिपोर्ट आले. सगळं सारखं, फक्त तारीख वेगळी. चौकशीत निघालं की सहभागी केंद्रांपैकी एकातल्या डॉक्टरने अपात्र रुग्णांना पात्र करण्यासाठी नोंदी बदलल्या होत्या. १९९४ मध्ये हे जाहीर झालं तेव्हा लाखो बायकांच्या मनात धसका बसला असेल. त्या केंद्राचे सगळे रुग्ण वगळून पुन्हा गणित मांडलं, आणि निष्कर्ष तोच आला. अनेक केंद्रं असल्याचा हा फायदा क्वचित सांगितला जातो: एक खांब काढला तरी छप्पर उभं राहतं. आणि तो खांब शोधला एका नोंदी तपासणाऱ्याने, दोन कागद शेजारी ठेवून.

एकही दिवस न वाढता वाढलेलं आयुष्य

शहरातल्या रुग्णालयांच्या निकालांची तुलना करताना एक सापळा आहे. समजा, पहिल्या टप्प्यातले तीन रुग्ण ६०, ५० आणि ३४ महिने जगले, सरासरी ४८. चौथ्या टप्प्यातले तिघे १२, १० आणि ८ महिने, सरासरी १०. आता रुग्णालयाने नवा पेट (PET) स्कॅनर, म्हणजे शरीरभर पसरलेला आजार टिपणारं यंत्र, आणला असता तर ३४ महिने जगलेल्या रुग्णात दूर पसरलेला आजार आधीच दिसला असता आणि तो चौथ्या टप्प्यात गेला असता. पहिल्या टप्प्याची सरासरी होते ५५, चौथ्याची १६. दोन्ही गट सुधारले आणि कुणीही एक दिवस जास्त जगलं नाही. याला विल रॉजर्स परिणाम म्हणतात, १९८५ मध्ये तो कर्करोगाच्या संदर्भात मांडला गेला. ज्या रुग्णालयाकडे चांगला स्कॅनर आहे ते कागदावर नेहमीच सरस दिसतं. म्हणून सगळे टप्पे मिळून तुलना करायची, किंवा टप्पा कुठल्या तपासणीवरून ठरवला हेही नोंदवायचं.

दुसरा सापळा दुहेरी नोंदीचा. लेखाच्या सुरुवातीची बाई पाच रुग्णालयांत गेली तर ती पाच रुग्ण होते. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, वय एकदा ५४ आणि एकदा ५६, पत्ता मध्ये बदललेला. नुसतं नाव जुळवून भागत नाही. नाव, वय, लिंग, अवयव, गाठीचा प्रकार आणि निदानाची तारीख यांचे गुण मांडून जवळच्या जोड्या काढतात आणि शंकेच्या जोड्या माणसाने डोळ्यांनी पाहायच्या. उलटी चूकही होते: एकाच बाईच्या दोन्ही स्तनांत वेगवेगळे कर्करोग झाले आणि संगणकाने त्यांतला एक दुहेरी समजून पुसला.

रुग्णालयाच्या भिंतीबाहेर

शहराचं संशोधन रुग्णालयात येणाऱ्यांपुरतं ठेवलं तर जे येतच नाहीत त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही. मुंबईतल्या झोपडवस्त्यांत १९९८ मध्ये सुरू झालेली चाचणी म्हणून मोलाची. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया, २० वस्ती-गट, त्यांतल्या निम्म्यांत तपासणी. तपासणी करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविका, त्यांना चार आठवडे शिकवलं होतं. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावायचं, थोडं थांबायचं, आणि पांढरा ठळक डाग उमटतो का ते चांगल्या उजेडात पाहायचं. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांच्या पाठपुराव्यात त्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. तुलनेच्या गटाला आरोग्यशिक्षण दिलं पण तपासणी लगेच दिली नाही, यावर पुढे आक्षेपही घेतले गेले, आणि तो प्रश्न असं संशोधन आखणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असाच आहे.

याच वस्त्यांत हाताने स्तनतपासणीही केली जात होती. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, निकाल आला: सगळ्या वयांचा विचार करता मृत्यूंत खात्रीने म्हणावी अशी घट नाही, पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र जवळपास ३० टक्के घट. वीस वर्षं धीर धरला म्हणून हे कळलं.

होकार कशाकशाला

संमतिपत्रावर एक सही घेऊन सगळं उरकू नये. निदान तीन वेगळ्या चौकटी हव्यात: या चाचणीत उपचार घेण्याला होकार, उरलेला तुकडा पुढच्या संशोधनासाठी ठेवण्याला होकार, आणि तपासणीत आनुवंशिक दोष सापडला तर कळवावं का, याचं उत्तर. तिसरी चौकट बहुतेक वेळा राहून जाते. मग कधीतरी एका स्त्रीच्या नमुन्यात बीआरसीए-१ या, स्तन आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या जनुकातला जन्मजात बदल दिसतो. तिच्या बहिणीला, मुलीला हे कळणं गरजेचं आहे, पण सांगायचं कुणी, प्रयोगशाळेने की सर्जनने, आणि संशोधनातली तपासणी पुन्हा खात्रीच्या प्रयोगशाळेत करायचा खर्च कुणाचा? पहिला रुग्ण नोंदण्याआधी हे लिहून ठरलेलं असावं. नाव काढून क्रमांक दिला म्हणजे ओळख लपली असंही समजू नये. विरळा आजार, वय आणि राहण्याचा भाग एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

शेवटी पाठपुरावा

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात निर्णायक काम हे. पाच वर्षांनी रुग्ण कसा आहे? फोन नंबर बदललेला असतो. म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णाचा आणि वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या दोन नातेवाइकांचा नंबर घ्यायचा, आणि दर सहा महिन्यांनी एक फोन करायचा, फक्त विचारपूस म्हणून. जे सापडत नाहीत ते बरे झालेले असतील असं धरणं धोक्याचं. काही जण खरोखर बरे होऊन गावी गेलेले असतात, काही आजार उलटल्यावर दुसऱ्या रुग्णालयात गेलेले असतात, काही वारलेले असतात. एका गटातले जास्त हरवले आणि दुसऱ्यातले कमी, तर निकाल वाकडा होतो. इथे रुग्णालयांनी एकमेकांना माहिती देणं आणि मृत्यूच्या नोंदींशी पडताळणी करणं, हॅम्बुर्गच्या त्या कपाटासारखं, याला पर्याय नाही.

पाच वर्षांनी एक ओळ येते: ‘आजार परतलेला नाही’, आणि तारीख. ती ओळ कपाटातल्या मेणाच्या ठोकळ्याशी जोडली की त्या ठोकळ्याला अर्थ येतो. त्यातून पुन्हा चकती कापून, आज माहीतही नसलेल्या खुणा तेव्हा शोधता येतात. त्यासाठी ठोकळ्यावरचा आणि स्लाइडवरचा क्रमांक वाचता आला पाहिजे. स्लाइड रंगवताना ती झायलिन आणि अल्कोहोलमधून जाते आणि साध्या पेनाची शाई त्यात धुऊन निघते. क्रमांक शिसपेन्सिलीने लिहावा, स्लाइडच्या खरबरीत टोकावर.